हात वर

पडले ती सौनातून येताना नाही,
सगळ्यांना तसंच वाटतं.
पडले टपालाच्या पेटीपाशी, भर दुपारी,
म्हणजे आमच्या डिसेंबरातल्या दुपारी, तीन वाजता, अंधारात,
विजेचं बिल काढताना.
आधी आवाज आला, दुखणं नंतर.
बर्चची सुकी फांदी गुडघ्यावर मोडावी तसा आवाज,
आणि मी क्षणभर खरंच इकडेतिकडे बघितलं
कोण लाकडं फोडतंय म्हणून.

कायानीच्या हॉस्पिटलात डॉक्टरीण म्हणाली,
दंडाच्या हाडाचे चार तुकडे झालेत,
सांधून सांधणार नाहीत, वय बघता.
वय शहात्तर. मी बघितलं नव्हतं बरेच दिवस.
मग तिने बिलाच्याच पाकिटावर चित्र काढलं:
गोळा होता तिथे वाटी बसवायची,
वाटी होती तिथे गोळा.
"उलटं?" वेइक्कोने विचारलं.
"उलटं. जुनी दोरखंडं तुटलीत,
त्यांचं काम आता दुसऱ्याने शिकायचं."
ती स्नायूंबद्दल बोलत होती.

सहा आठवडे हात झोळीत.
झोप आरामखुर्चीत, बसूनच,
रात्रभराचा बसप्रवास
आणि उतरायचा स्टॉप येत नाही.
कॉफीचा डबा कुठे असतो
हे पन्नास वर्षांत ज्याला विचारावं लागलं नाही
तो एकेक कपाट उघडून बघत होता.
माझी वेणीही त्यानेच घातली.
त्याला विणता येतात फक्त जाळी,
म्हणून शेवटी मासेमारीची गाठ मारली.
तिसऱ्या दिवशी व्यायाम शिकवायला आलेल्या सान्नीने
कात्री मागितली.

सान्नी म्हणे, वाका, आणि हात नुसता सोडून द्या, लोंबू दे.
बर्फाला पाडलेल्या भोकावर ओणवं होऊन
गळाला काही लागतंय का बघावं, तशी मी उभी.
काही लागलं नाही.
मग म्हणे, बोटांनी भिंत चढा.
भिंत म्हणजे स्वयंपाकघराच्या दाराची चौकट,
जिथे पेन्सिलीने एसाची उंची लिहिलेली,
दर वाढदिवसाची.
फेब्रुवारीत मी चार वर्षांच्या एसाला गाठलं.
मार्चच्या सुरुवातीला शाळेत जाऊ लागले.
नऊ वर्षांवर तीन आठवडे अडकले,
हात तिथेच थरथरायचा, मागच्या बाकावरच्या मुलासारखा.

आयुष्यात कशातूनही मी हात वर केले नाहीत.
सासूचं आजारपण, दूध डेअरीचं बंद पडणं,
एसाचं दारूचं वर्ष.
आता करा म्हणतात, तर होत नाहीत.

एप्रिलात एका सकाळी उठले, तर
कपांची फळी वीतभर खाली.
वेइक्को स्क्रू-ड्रायव्हर पाठीमागे लपवून उभा,
चोरी पकडलेल्या मुलासारखा खूश.
मी जे बोलले ते इथे लिहीत नाही.
फळी परत वर गेली.
खाली चार भोकं राहिली भिंतीत,
ती त्याने बुजवली नाहीत, मीही सांगितलं नाही.

मे संपता संपता तळ्यावरचा बर्फ गेला.
सगळ्या बायका धक्क्यावर जाजमं घासत होत्या,
मी एका हाताने घासलं, दुसऱ्याने नुसतं धरलं.
धरणं हेही काम आहे, हे मला ठाऊक नव्हतं.
सान्नी सांगून गेली, याच्यापेक्षा फार वर जाणार नाही,
एसा अकरा, फार तर बाराचा होईल.
तिने खोटं बोलायला हवं होतं थोडं.

निळा कप अजून वरच आहे.
वेइक्को काढून देतो,
आणि तो काढत असताना मी खिडकीबाहेर बघते.
परवा मात्र तो बाहेर गेलेला,
आणि मानेमागे वेणीची गाठ टोचत होती.
हात गेला. कसा, कुठून फिरून गेला, माहीत नाही,
खांद्यात काहीतरी थंडगार सरकलं,
आणि बोटांना ती गाठ लागली,
मासेमारीची, ओली, हट्टी.
सोडवायला वीस मिनिटं लागली.
तोवर कॉफी उतू गेली होती.
ती त्यानेच येऊन पुसली,
फडकं कुठे असतं ते न विचारता.